दुकानाची वही आणि निवडणुकीची वही

वाचकांचे प्रश्न : लहान व्यावसायिक आणि विधानसभेची उमेदवारी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. छापखाना, फर्निचरचा कारखाना, कृषी सेवा केंद्र, कापडाचे दुकान असे छोटे व्यवसाय चालवणाऱ्यांनी विधानसभेची निवडणूक लढवायचे मनावर घेतले आहे, आणि आपला धंदा या वाटेत आडवा येईल की काय, अशी त्यांना धास्ती वाटते. उमेदवारांच्या निवडणूक खर्चाचे हिशेब लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. लहान व्यावसायिकाला कायदा सहसा अडवत नाही, हे मी पाहिले आहे. दुकानाचा गल्ला आणि प्रचाराचा खर्च एकाच खिशातून, एकाच वहीत चालतो, तिथे मात्र माणूस अडकतो. आलेली पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे लिहितो.

प्रश्न : माझा लहानसा छापखाना आहे. अपक्ष म्हणून विधानसभा लढवायची आहे. पत्रके माझ्याच यंत्रावर छापणार असल्याने तो खर्च वाचेल, असे मी धरून चाललो आहे. हे बरोबर आहे का? अपक्षाला अर्ज भरताना काय काय लागते, तेही सांगावे.

उत्तर : आधी अर्जाचे पाहू. तुमचे वय २५ वर्षे पूर्ण असले पाहिजे आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत मतदार म्हणून तुमचे नाव असले पाहिजे. लढायचा मतदारसंघ आणि तुमच्या नावाचा मतदारसंघ वेगळा असेल, तर मतदार यादीतील नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. अनामत रक्कम १०,००० रुपये आहे. अनुसूचित जाती व जमातीच्या उमेदवारांना ती ५,००० रुपये आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचे नाव सुचवणारा मतदार, पुरतो. अपक्षाला मात्र त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात, आणि त्यातल्या एकाचा यादीतील अनुक्रमांक जरी चुकला, तरी छाननीच्या टेबलावर नाहक धावपळ होते. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात, म्हणून सूचक बदलून निदान दोन अर्ज भरा, असे मी प्रत्येक अपक्षाला सांगतो. अनामत एकदाच भरायची असते. अर्ज दाखल केल्यानंतर शपथ घ्यायची असते आणि ती छाननीच्या तारखेच्या आधी व्हावी लागते. अर्ज स्वीकारला गेला या आनंदात ती राहून जाऊ शकते, म्हणून अर्ज देतानाच शपथ घेऊन टाकावी.

आता छपाईचे. खर्च वाचेल हे तुमचे गृहीत चुकीचे आहे. प्रचारासाठी वापरलेली वस्तू किंवा सेवा फुकट मिळाली, घरची होती, मित्राने दिली, यापैकी काहीही असले, तरी तिची बाजारभावाने होणारी किंमत तुमच्या खर्चात धरली जाते. कागद तुमचा, शाई तुमची, यंत्र तुमचे, रात्रपाळी करणारा कारागीरही तुमचा. तरीही हे काम एखाद्या परक्या गिऱ्हाइकाने टाकले असते, तर जे बिल झाले असते, तेच बिल छापखान्याने उमेदवाराच्या नावे फाडायचे आणि उमेदवाराने ते आपल्या निवडणुकीच्या बँक खात्यातून चेकने भागवायचे. असे केले की छापखान्याच्या वहीत ती विक्री दिसते, निवडणुकीच्या वहीत तो खर्च दिसतो, आणि दोन्हीकडचा आकडा जुळतो. जिल्हा निवडणूक अधिकारी पत्रकांपासून खुर्च्यांपर्यंतच्या वस्तूंचे दरपत्रक ठरवून देतात. तुमचे बिल त्या दरांपेक्षा बरेच कमी असेल, तर खर्च निरीक्षक विचारणा करणारच. विधानसभेसाठी महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा जानेवारी २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. २०१४ मध्ये ती २८ लाख होती आणि २०२० मध्ये ३० लाख ८० हजार झाली. चार-पाच लाखांत निवडणूक उरकणाऱ्या अपक्षाला मर्यादेची भीती नसते. त्याच्यासाठी हिशेबाचा खरेपणा महत्त्वाचा असतो.

मुद्रक म्हणून तुमच्यावर आणखी एक जबाबदारी आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७अ प्रमाणे प्रत्येक पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापावे लागतात. प्रकाशकाने आपल्या ओळखीचे घोषणापत्र, त्याला वैयक्तिकरीत्या ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षांकनासह, मुद्रकाला दोन प्रतींत द्यायचे असते, आणि मुद्रकाने त्यातली एक प्रत छापलेल्या पत्रकासोबत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे (राजधानीच्या शहरात मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे) पाठवायची असते. हे मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तुम्ही स्वतःच मुद्रक आणि स्वतःच प्रकाशक असलात, तरी यातला कोणताही कागद गळत नाही. पत्रकाच्या तळाशी, मजकूर संपल्यानंतर, बारीक टायपात जी ओळ असते – मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, प्रती इतक्या – ती नंतर जागा उरली तर टाकू, असे म्हणू नका. मजकूर जुळवताना पहिल्यांदा तीच ओळ बसवा आणि मग उरलेल्या जागेत स्वतःची आश्वासने लिहा. विरोधी उमेदवाराने काम आणले, तर ते घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त त्याच्याकडूनही हेच घोषणापत्र घ्या.

प्रश्न : माझा स्टील फर्निचरचा छोटा कारखाना आहे. राज्य शासनाच्या एका खात्याला वसतिगृहांसाठी पलंग पुरवले. माल पोहोचून बरेच महिने झाले, पण बिल अजून निघालेले नाही. एका परिचिताने सांगितले की शासनाकडे येणे बाकी असताना निवडणूक लढवता येत नाही. मग बिलावर पाणी सोडायचे का?

उत्तर : बिलावर पाणी सोडू नका. हा गैरसमज फार जुना आणि फार पसरलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

याच अधिनियमाच्या कलम ९अ प्रमाणे, आपल्या व्यापाराच्या किंवा व्यवसायाच्या ओघात एखाद्याने संबंधित शासनाशी माल पुरवण्याचा किंवा शासनाने हाती घेतलेले काम पार पाडण्याचा करार केला असेल आणि तो करार चालू असेल, तर तो करार चालू असेपर्यंत ती व्यक्ती अपात्र ठरते. यामागचा हेतू सरळ आहे : ज्याचे पोट शासनाच्या ठेक्यावर आहे, त्याने त्याच शासनाला सभागृहात जाब विचारायचा, हे जमणारे नाही. मला ही तरतूद अत्यंत योग्य वाटते. पण याच कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडलेले आहे आणि तुमचे उत्तर तिथे आहे. कराराची तुमच्या बाजूची पूर्तता तुम्ही संपूर्ण केली असेल, तर केवळ शासनाने आपली बाजू, म्हणजे पैसे देणे, पूर्ण केलेली नाही, एवढ्यावरून तो करार चालू आहे असे मानायचे नाही, असे ते स्पष्टीकरण सांगते. तुमचे पलंग पोहोचले आहेत; राहिले आहेत ते पैसे, आणि ते शासनाकडून येणे आहे. त्यामुळे तुम्ही अपात्र नाही.

मात्र ‘संपूर्ण पूर्तता’ हे शब्द नीट वाचा. तुमच्या करारात मालाच्या देखभालीची किंवा मोडतोड झाल्यास दुरुस्तीची अट आहे का? ती मुदत अजून संपलेली नसेल, तर प्रतिस्पर्धी उमेदवार छाननीच्या वेळी नेमके त्यावर बोट ठेवेल. पलंग पोहोचले, पण चाळीसपैकी चार परत पाठवले गेले आणि ते अजून बदलून दिलेले नाहीत, अशी स्थिती असेल, तर पूर्तता झालेली नाही. म्हणून खात्याकडून माल पूर्ण व समाधानकारक मिळाल्याचा लेखी दाखला आजच मागा. अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी त्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून उपयोग होत नाही. पात्रता पाहिली जाते ती छाननीच्या तारखेला, आणि त्या दिवशी अकरा वाजता तुमच्या हातात कागद असला पाहिजे.

‘संबंधित शासन’ याचाही अर्थ ठरलेला आहे. विधिमंडळाच्या उमेदवारासाठी राज्य शासन आणि संसदेच्या उमेदवारासाठी केंद्र शासन. म्हणजे तुमचा रेल्वेशी पुरवठ्याचा करार चालू असता, तरी विधानसभेसाठी या कलमाची अडचण आली नसती. लोकसभेसाठी आली असती. करार नक्की कोणाशी आहे, हे ओळखायची खूण कराराच्या पहिल्या पानावर असते. राज्य शासनाचे करार संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्यपालांच्या नावाने होतात आणि अधिकारी त्यांच्या वतीने सही करतो. तुमच्या कागदावर दुसऱ्या बाजूला राज्यपाल आहेत, एखादे महामंडळ आहे की स्थानिक संस्था आहे, हे पाहा आणि तो कागद वकिलाला दाखवा. खाणपट्ट्यासारख्या व्यवहारांबाबतही हा प्रश्न न्यायालयात गेला होता. खाणपट्टा म्हणजे माल पुरवण्याचा किंवा काम पार पाडण्याचा करार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कर्तारसिंग भडाना यांच्या प्रकरणात म्हटले. म्हणजे न्यायालय या कलमाचे शब्द ताणत नाही. निवडून आल्यावर मात्र राज्य शासनाचा असा नवा ठेका घेतलात, तर आमदारकी धोक्यात येईल. तुमच्या कारखान्याचा मोठा हिस्सा शासकीय मागणीवर चालत असेल, तर हा विचार अर्ज भरण्याआधी घरात बसून करायला हवा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी धंद्यात खोट आली. बँकेचे कर्ज थकले आहे आणि एका पुरवठादाराने चेक न वटल्याचा खटला भरला आहे. मी उभा राहू शकतो का? ही लाज चारचौघांत उघडी पडेल का?

उत्तर : उभे राहू शकता. कर्ज थकणे ही अपात्रता नाही. न्यायालयाने नादार ठरवले असेल आणि त्यातून मुक्तता झालेली नसेल, तरच संविधानाचे अनुच्छेद १९१ आड येते. चेक न वटल्याचा खटला मात्र फौजदारी स्वरूपाचा असतो, हे पुष्कळ व्यापाऱ्यांच्या ध्यानात नसते. ‘देण्याघेण्याचा वाद आहे, गुन्हा कसला’ असे म्हणून अर्जासोबत द्यायच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात ‘प्रलंबित फौजदारी प्रकरणे : निरंक’ असे लिहिले, तर ती खोटी माहिती होते, आणि खोट्या प्रतिज्ञापत्रासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रलंबित प्रकरणांची माहिती प्रचाराच्या काळात तीन वेळा वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर प्रसिद्ध करावी लागते. तेव्हा होय, ते उघडे पडेल. या गुन्ह्यात तडजोड करता येते, म्हणून पुरवठादाराशी बसून हप्ते ठरवा आणि खटला मिटवा. तो मिटत नसेल, तर जसा आहे तसा लिहा. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली तर अपात्रता येते. नुसत्या खटल्याने येत नाही.

लाजेविषयी माझे मत सांगतो. धंद्यात खोट आलेला, देणी मान्य करून फेडू पाहणारा माणूस सभागृहात पोहोचला, तर लहान उद्योजकाला चाळीस दिवस थकलेल्या बिलाचा अर्थ काय असतो, हे तिथे कोणीतरी अनुभवातून सांगेल. मतदारांना तुमचे अपयश समजते, पण लपवाछपवी ते विसरत नाहीत.

प्रश्न : माझे पती निवडणुकीला उभे राहत आहेत. शिवणकामाचा व्यवसाय माझ्या एकटीच्या नावावर आहे, मी स्वतः प्राप्तिकराचे विवरणपत्र भरते. त्यांच्या उमेदवारीत माझी माहिती कशासाठी?

उत्तर : ताई, तुमची तक्रार मी समजू शकतो, स्वतःच्या कष्टाने उभे केलेले काम दुसऱ्याच्या कागदात जोडपत्र म्हणून जावे, हे कोणालाही खटकेल. पण ती माहिती द्यावीच लागेल. प्रतिज्ञापत्रात उमेदवार, त्याची पत्नी किंवा पती, अवलंबित व्यक्ती आणि एकत्र कुटुंब या सर्वांची मागील पाच वर्षांची विवरणपत्रातील उत्पन्ने, जंगम व स्थावर मालमत्ता आणि देणी लिहायची असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकप्रहरी या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना उत्पन्नाचे स्रोतही सांगितले पाहिजेत असे म्हटले, आणि त्यानंतर पती-पत्नीपैकी कोणाचेही, किंवा ज्या भागीदारीत वा खासगी कंपनीत त्यांचा हिस्सा आहे तिचे, शासनाशी असलेले करारही प्रतिज्ञापत्रात आले. तुमच्या नावावर शाळांच्या गणवेशाचे शासकीय काम असेल, तर तो करार तुमचा आहे, तुमच्या पतींनी केलेला नाही. पण तो लिहावा लागेल. एकही रकाना कोरा सोडू देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे की कोरे रकाने असलेले प्रतिज्ञापत्र, आठवण देऊनही भरले नाही, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे.

प्रश्न : माझे कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे-खते उधारीवर देतो आणि पीक निघाल्यावर वसुली करतो. यंदा पावसाने दगा दिला आहे. मी निवडणुकीला उभा राहणार आहे. शेतकऱ्यांची थोडी उधारी माफ केली तर माणुसकीही होईल आणि सदिच्छाही मिळेल, असे मुलाचे म्हणणे आहे. दुकानातले चार नोकर आणि टेम्पो प्रचाराला लावण्याचाही विचार आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातली कळकळ खरी आहे, हे तुमच्या भाषेवरून कळते. तरीही मुलाला स्पष्ट सांगा : उमेदवारी जाहीर असताना मतदाराची उधारी माफ करणे हे अधिनियमाच्या कलम १२३ खाली लाच म्हणून पाहिले जाऊ शकते. मताच्या बदल्यात दिलेली कोणतीही भेट, देणगी किंवा तिचे आश्वासन हे भ्रष्ट आचरण आहे, आणि निकालानंतर ४५ दिवसांच्या आत कोणीही उमेदवार किंवा मतदार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करू शकतो. मग तुमच्या उधारीच्या वहीचे पान न्यायालयात पुरावा म्हणून येईल. मनात खोट नव्हती, हे सिद्ध करायला त्या पानावरची तारीखच तुमच्याविरुद्ध बोलेल. गरजू शेतकऱ्याला मुदत वाढवून द्यायची असेल, तर ती तुमच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, जशी मागच्या दुष्काळात दिली होती तशी, मताचा उल्लेख न करता द्या. निवडणुकीच्या तोंडावर नवी सवलत, नवी भेटवस्तू, तुमच्या छायाचित्राची पिशवी, यांतले काही काढू नका.

नोकर आणि टेम्पो वापरता येतात, पण फुकट नाहीत. नोकर जितके दिवस प्रचारात असतील, तितक्या दिवसांची मजुरी निवडणूक खर्चात धरा आणि ती दुकानाच्या पगारातून वजा दाखवा. टेम्पोला वाहन परवाना घ्यावा लागतो आणि वाहन घरचे असले, तरी त्याचा खर्च मोजला जातो. गोदामात प्रचार कार्यालय उघडलेत, तर त्याचे भाडेही येते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. प्रचाराचा खर्च दुकानाच्या नफ्यातून वजा करून प्राप्तिकर वाचवता येत नाही, कारण वजावट मिळते ती पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी केलेल्या खर्चाची. त्यावरचा जीएसटी परत मागणेही चूक आहे. नोकराला तुमच्या प्रचाराला यायचेच नसेल, तर त्याला आणू नका. मालक म्हणून तुमचा शब्द त्याला नाकारता येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मतदानाच्या दिवशी त्याला भरपगारी सुट्टी द्यायची असते. तो कोणाला मत देतो, हे विचारायचे नसते.

टेम्पोबद्दल आणखी एक इशारा देतो. आठवड्याच्या वसुलीची रक्कम घेऊन तुम्ही बँकेत निघाला आहात आणि गाडीवर तुमचाच झेंडा आहे, अशी कल्पना करा. नाक्यावरचे पथक गाडी थांबवते. उमेदवार किंवा त्याचा कार्यकर्ता बसलेल्या, अथवा प्रचारसाहित्य असलेल्या गाडीत ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोकड सापडली, तर ती जप्त होऊ शकते. पैसे धंद्याचे आहेत हे तुम्ही पुढे सिद्ध कराल, पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येईल ती रोकड सापडल्याची. म्हणून आचारसंहिता लागल्यापासून दुकानाची वसुली दुकानाच्या माणसाने, प्रचाराचा एकही कागद नसलेल्या गाडीतून, पावतीपुस्तक सोबत घेऊन न्यावी. तुम्ही स्वतः त्या गाडीत बसू नका.

निवडणुकीसाठी अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी वेगळे बँक खाते उघडावे लागते. स्वतःचे पैसेही आधी त्या खात्यात भरायचे आणि तिथूनच खर्च करायचे. एका व्यक्तीला किंवा संस्थेला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने देता येत नाही. तुम्हाला एक नोंदवही मिळेल. तिची पाने तीन रंगांची असतात : पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड आणि पिवळ्या पानांवर बँकेच्या नोंदी. प्रचाराच्या काळात निदान तीन वेळा ती खर्च निरीक्षकांपुढे तपासायला न्यावी लागते. त्यांच्या माणसांनी तुमच्या सभांचे चित्रीकरण करून, खुर्च्या आणि फलक मोजून स्वतंत्र वही ठेवलेली असते, आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून फरक काढला जातो. दुकान चालवणाऱ्या माणसाला हे अवघड नाही. रात्री शटर ओढल्यावर गल्ला मोजायची सवय त्याला असतेच. त्याच पंधरा मिनिटांत ही वहीही भरावी. दोन दिवस साचले, की कोणत्या सभेत किती खुर्च्या होत्या, ते कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : मी पदवीधर नाही. छोटा व्यापारी आहे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघातून मला उभे राहता येईल का?

उत्तर : येईल. तिथे मतदार पदवीधर लागतो. उमेदवार पदवीधर असावाच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितले आहे. वय ३० वर्षे पूर्ण हवे आणि राज्याच्या मतदार यादीत नाव हवे. महाराष्ट्राच्या विधान परिषदेतील ७८ जागांपैकी सात जागा पदवीधरांच्या आहेत आणि मतदारसंघ अनेक जिल्ह्यांचा असतो, तेव्हा दुकान बंद ठेवून किती फिरता येईल, याचा हिशेब आधी करावा.

प्रश्न : वडील निवडून आले तर दुकान कोण पाहणार? आमदाराला धंदा सोडावा लागतो का?

उत्तर : आमदाराला धंदा सोडावा लागत नाही. पण सगळ्या बैठकांना साठ दिवस परवानगीशिवाय गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिक्त जाहीर करू शकते, आणि अधिवेशने मुंबईत व नागपुरात असतात. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल, तर बँकेची सही, जीएसटीचा प्राधिकृत स्वाक्षरीकर्ता आणि परवान्यांची नूतनीकरणे निकालाच्या आधीच दुसऱ्या कोणाच्या नावाने लावून घ्यावीत. मुखत्यारपत्रात कोणत्या व्यवहारांपर्यंत अधिकार आहे, हे स्पष्ट लिहावे.

प्रश्न : मी कापडाचे छोटे दुकान चालवतो. नुकतीच अपक्ष म्हणून निवडणूक लढवली आणि हरलो. अनामतही गेली. आता मन लागत नाही, आणि लोक म्हणतात की हरलेल्याने हिशेब द्यायची गरज नाही.

उत्तर : अनामत परत मिळायला एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशापेक्षा जास्त मते लागतात आणि अपक्षाला ती मिळणे कठीण असते. त्यात कमीपणा मानू नका. पण लोकांचे म्हणणे मुळीच ऐकू नका. जिंकलेला असो वा हरलेला, प्रत्येक उमेदवाराने निकालानंतर ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. तो वेळेत आणि योग्य रीतीने दिला नाही आणि त्याला पुरेसे कारण नसेल, तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. लहान उमेदवार इथेच फसतो, कारण हरल्यावर त्या वहीकडे पाहावेसेच वाटत नाही. नोंदवही, सर्व पावत्या, बँक खात्याचा उतारा आणि प्रतिज्ञापत्र एकत्र लावा. ज्या पावत्या हरवल्या, त्या दुकानदारांकडे जाऊन दुसऱ्या प्रती मागा. त्यांनाही वसुलीसाठी उलटी चक्कर मारावी लागते हे तुम्ही जाणता, ते देतील. खुर्च्यावाल्याचे आणि मंडपवाल्याचे पैसे राहिले असतील, तर ते त्याच खात्यातून चेकने द्या आणि मगच खाते बंद करा. हिशेब जमा केल्यावर पोच घ्या. तीस दिवसांची मोजणी निकालाच्या तारखेपासून होते, तुम्ही दुकान पुन्हा उघडलेत त्या दिवसापासून होत नाही. तेव्हा कागद आजच रात्री एकत्र करायला घ्या.